कमरेच्या मणक्यातली वाट अरुंद झाली तर : ऑपरेशनाआधी काय करता येते?



ऊस तुटून गेला की आपल्यातले पुष्कळ वडीलधारे चार दिवस मुलाकडे मुंबईच्या बाजूला जातात. कुणाचा मुलगा नायगावला, कुणाचा विरारला. स्टेशनचा पूल पुढे वाकून कसाबसा चढता येतो. पण उतरून शंभर पावले चालले की पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड होतात. बाकावर पाच मिनिटे बसले की बरे वाटते. पुन्हा चालले की पुन्हा तेच. घरचे म्हणतात, "वय झालं, आबा." पण एवढ्यावर सोडून देऊ नये.

मणक्यांच्या मधून पायांकडे जाणाऱ्या नसांची एक वाट असते. वयाबरोबर मणक्यांमधली गादी फुगते, सांधे वाढतात, आतला पडदा जाड होतो आणि पाटात गाळ साचावा तशी ही वाट अरुंद होते. डॉक्टर याला लंबर स्टेनोसिस म्हणतात. ताठ उभे राहिले की नसा जास्त दाबल्या जातात. पुढे वाकले की वाट थोडी मोकळी होते. म्हणून चालता येत नाही त्या माणसाला सायकल मात्र चालवता येते.

एक खूण ध्यानात ठेवा. चालणे थांबवून नुसते उभे राहिल्यानेच पोटरी शांत होत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्यांचा दोष असू शकतो. विडी-तंबाखूवाल्यांनी व मधुमेह असलेल्यांनी तो आधी तपासून घ्यावा.

आता उपाय. गोळी किंवा व्यायामाने ही वाट रुंद होत नाही, हे आधी समजून घ्यावे. पण दुखणे कमी होऊन चालणे वाढू शकते.

१. व्यायाम : उताणे झोपून गुडघे छातीशी घ्यावेत, पोटाचे स्नायू बळकट करावेत. मागे वाकण्याची आसने, उदा. भुजंगासन, या दुखण्यात टाळावीत. सुरुवात व्यायामतज्ज्ञाकडून शिकूनच करावी.

२. चालणे : गोळा येण्याआधीच बांधावर बसावे, मग पुढे जावे. अंथरूण धरू नये. त्याने पाय आणखी दुबळे होतात. काठी टेकून किंवा सायकलचे हँडल धरून चालले तर सोपे जाते.

३. वजन : वाढलेले असल्यास कमी करावे.

४. औषधे : दुखण्याच्या गोळ्या थोडे दिवस व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाल्ल्यास पोट व मूत्रपिंड बिघडते.

५. मणक्यातील इंजेक्शन : काहींना थोडे आठवडे आराम पडतो. पण २०१४ साली अमेरिकेत ४०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, नुसत्या बधिरीकरणाच्या औषधापेक्षा त्यात स्टिरॉइड घातल्याने फारसा जादा फायदा दिसला नाही. स्टिरॉइडने साखर वाढते, म्हणून मधुमेह असल्यास आधी सांगावे.

पट्टा सतत बांधू नये. कंबर तुडवून घेणे, झटका देऊन मणका "बसवून" घेणे धोक्याचे आहे.

मग ऑपरेशन नकोच का? तसे नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, ऑपरेशनाला तयार असलेल्या १६९ रुग्णांपैकी काहींना ऑपरेशन व काहींना व्यायामोपचार ठरवून दिले. दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचाल सारखीच आढळली. मात्र व्यायामाच्या गटातील निम्म्याहून अधिकांनी पुढे ऑपरेशन करून घेतले होते. म्हणजे आधी नेटाने व्यायाम करून पाहावा, आणि तरीही जगणे अडले तर ऑपरेशनाला भिऊ नये.

पण लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर मात्र एक दिवसही थांबू नये. तडक मोठे इस्पितळ गाठावे. उशीर झाला तर गेलेला ताबा परत येईलच असे नाही.

नायगावकडे मुक्कामाला असणाऱ्यांनी पश्चिम रेल्वेने महालक्ष्मीला उतरावे. तिथून जवळ, हाजी अलीला, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. केंद्र सरकारची ही संस्था १९५५ साली सुरू झाली.

तरी सभासदांनी दुखणे अंगावर काढू नये, आणि घाबरून कर्जही काढू नये. आधी तपासणी, मग उपचार.