मथळ्यांतील मृगया

लाच घेताना एखादा अंमलदार पकडला गेला, की दुसऱ्या दिवशीच्या मराठी दैनिकात तो 'जाळ्यात' सापडलेला असतो, आणि त्याचा हुद्दा जरा वरचा असेल तर त्याचा 'बडा मासा' होतो; क्रीडापृष्ठावर गोलंदाज 'बळी' टिपत असतो, तर राजकारणाच्या पृष्ठावर एका पक्षाचा नगरसेवक दुसऱ्या पक्षाच्या 'गळाला' लागलेला असतो. घटना गुंतागुंतीची, जागा दोन स्तंभांची आणि वेळ अपुरा, अशा अवस्थेत उपसंपादकाला शिकारीची भाषा जवळची वाटावी यात नवल नाही. कोण कोणामागे धावला एवढे सांगितले, की कथानक आपोआप उभे राहते. लाचलुचपतीच्या बाबतीत तर हा निव्वळ अलंकारही नव्हे, कारण नोटांना भुकटी लावून आणि पंचांना साक्षीस ठेवून जो बेत रचला जातो, त्याला सरकारी दप्तरातही 'सापळा'च म्हणतात.

परंतु जेथे मनुष्यालाच श्वापद ठरवले जाते, तेथे ही भाषा इतकी निरुपद्रवी राहत नाही. १९ एप्रिल १९८९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावण्यास गेलेल्या एका तरुणीवर अमानुष अत्याचार झाला, आणि दोनच दिवसांनी 'डेली न्यूज'च्या मथळ्यात ती लांडग्यांच्या कळपाची शिकार झाली. (लांडग्याच्या बहुतेक शिकारी फसतात आणि तो मारतो तो भुकेपोटी, ही प्राणिशास्त्रज्ञांची तक्रार अशा वेळी कोण ऐकणार?) 'कळप' म्हणून ज्यांना रंगवले गेले त्यांतील पाच जण, चौदा ते सोळा वर्षांची कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाची मुले, दीर्घ चौकशीनंतर काढलेल्या कबुलीजबाबांवर १९९० मध्ये दोषी ठरली. घटनास्थळी मिळालेला डीएनए त्यांच्यापैकी कोणाशीही जुळत नव्हता. पण कळपाची प्रतिमा एकदा मनात ठसल्यावर, हे कृत्य एकट्याचे असू शकेल, ही शंका घेण्यास जागा उरली नव्हती. २००२ मध्ये कैदेत असलेल्या दुसऱ्याच एका गुन्हेगाराने, आपण एकट्याने हे कृत्य केले, अशी कबुली दिली, त्याचा डीएनए जुळला, आणि पाचही जणांचे दोष रद्दबातल झाले.

दरम्यान, १९९५ मध्ये जॉन डिइउलिओ या राज्यशास्त्रज्ञाने एका साप्ताहिकात 'महाशिकारी' बालगुन्हेगारांची लाट येत असल्याचे भाकीत केले होते. लाट आली नाही, उलट अल्पवयीनांचे गुन्हे घटत गेले; तथापि त्या सुमारास अनेक राज्यांनी अल्पवयीनांवर प्रौढांप्रमाणे खटले चालवणे सुकर करणारे कायदे केले. पुढे २०१२ च्या सुमारास, हे भाकीत चुकले होते, असे मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयापुढील निवेदनावर डिइउलिओ यांनीही स्वाक्षरी केली. थिबोडो आणि बोरोडित्स्की या संशोधकद्वयाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा निष्कर्षही येथे बोलका आहे: एका नगरातील गुन्हेगारीला हिंस्र पशू म्हटले तेव्हा वाचकांचा कल धरपकड आणि कैदेकडे झुकला, आणि विषाणू म्हटले तेव्हा सामाजिक सुधारणांचा विचार त्यांना तुलनेने अधिक सुचला. आपल्या मतावर या एका शब्दाचा प्रभाव पडला, असे मात्र त्यांतील फारच थोड्यांना वाटले.

आरोपीला पशू करणारी ही भाषा पीडितेलाही माणूस राहू देत नाही, कारण सावजाला बोलण्याची भूमिकाच नसते. सेंट्रल पार्कमधील ती तरुणी मात्र वाचली, काही महिन्यांनी आपल्या नोकरीवर रुजू झाली, आणि २००३ मध्ये तिने स्वतःच्या नावानिशी आपली हकिकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.