सातचा भोंगा आणि तंजावरची संध्याकाळ

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या आवारात एका भिंतीपाशी हमखास थांबतो. भोसले घराण्याचा इतिहास तिथे दगडावर मराठीत कोरला आहे. साल 1803, राजे दुसरे सरफोजी. भारतातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. तो वाचायचा तर एका जागी उभं राहून भागत नाही. भिंतीच्या कडेनं सरकत राहावं लागतं, ओळ चुकली की मागे यावं लागतं. सवड आणि चिकाटी दोन्ही लागतात.

आज तिथे उभं राहिलं की हात आपोआप खिशाकडे जातो. चार फोटो निघतात, 'घरी गेल्यावर निवांत वाचू' असं मनाशी ठरतं. घरी पोचेपर्यंत त्या चार फोटोंवर आणखी शंभर फोटो येऊन पडलेले असतात आणि शिलालेख वाचायचा राहतो तो राहतोच. मराठी वाचणाऱ्या बहुतेक घरांत आज हेच चाललं आहे. पुस्तक आणलं जातं, वाचलं जात नाही. पाहुणे येतात, बसतात, आणि सगळ्यांच्या माना खाली असतात. मुलं समोर असतात, पण बोलणं होत नाही.

हे बदलायचं कसं, याचं उत्तर शोधताना मला तंजावर आणि सांगली जिल्हा एकत्र आठवतात. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते: मन ताळ्यावर ठेवायचं काम एकट्या माणसाच्या निश्चयावर सोडलं की ते फसतं, आणि दहा घरांनी मिळून एक वेळ राखून ठेवली की जमतं.

आधी तंजावरचं सांगतो. फोन कमी वापरा म्हटलं की 'म्हणजे काय, जुन्या काळात जायचं का?' असा प्रश्न लगेच येतो. त्याला सरफोजीराजांपेक्षा चांगलं उत्तर नाही. 1777 साली जन्मलेले, 1798 मध्ये गादीवर आलेले आणि 1832 मध्ये वारलेले हे राजे नव्याचे केवढे भोक्ते होते! श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचं शिक्षण झालं. राजवाड्यात त्यांनी देवनागरी टंकांचा छापखाना घातला आणि तिथून 1806 साली इसापच्या गोष्टींचं मराठी रूप 'बालबोध मुक्तावली' छापून निघालं. मुंबईत मराठी छपाई रुळायला त्यानंतर बरीच वर्षं जायची होती. धन्वंतरी महालात देशी वैद्यकाबरोबर युरोपीय शस्त्रक्रियेचेही प्रयोग चालत, आणि डोळ्यांच्या रुग्णांची सचित्र टिपणं आजही सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. त्याच ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितं हजारोंनी आहेत, ताडपत्रावरची आणि कागदावरची. युरोपातून मागवलेल्या ग्रंथांवर राजांची इंग्रजी सही सापडते. 1918 पासून हे ग्रंथालय सर्वांना खुलं आहे.

राजांनी नवं यंत्र आणलं की त्याला एक जागा मिळे. छापखाना छापखान्यात, औषधं धन्वंतरी महालात, पोथ्या सरस्वती महालात. एका ठिकाणचं काम आटोपून माणूस दुसरीकडे जाई. आपल्या हातातल्या यंत्राला अशी जागाच नाही. ते अंथरुणात आहे, ताटाशेजारी आहे, देवघरात आहे, स्मशानातही आहे. त्याच्यावर पत्र येतं, पैसे येतात, बातमी येते, नाटक येतं, आणि अनोळखी माणसाचं भांडणही त्याच्यावरच येतं. जागा नसल्यामुळे त्याला वेळही उरलेली नाही. माझी तक्रार यंत्रापेक्षा या सर्वव्यापीपणाबद्दल आहे.

तंजावरच्या संध्याकाळीला मात्र एके काळी एक ठरलेला आकार होता, आणि तो मराठी माणसांनी घडवला होता. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर मराठी राज्य तिथे गेलं, पाठोपाठ रामदासी मठ गेले आणि मठांबरोबर कीर्तन गेलं. पुढे एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकर यांच्यासारख्या कीर्तनकारांनी तिथल्या लोकांना या कलेचं वेड लावलं. ते ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाचा बांधा उचलला, त्यात कर्नाटक संगीत आणि तमिळ कथन मिसळलं आणि दक्षिणेतली हरिकथा नव्यानं उभी केली. कृष्ण भागवतर 1903 मध्ये वारले, पण साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्तं तमिळ हरिकथेत अजून गायली जातात.

कीर्तनाचा हा इतिहास इथे आणण्याचं कारण असं. कीर्तन एकट्यानं ऐकायची गोष्ट नव्हती. दिवेलागणीनंतर सगळी आळी एका जागी बसायची, आणि शेजारची बसली आहे म्हणून आपणही बसायचो. पूर्वरंगात जरा जड निरूपण आलं, डोळा लागायला लागला, तरी उत्तररंगातल्या गोष्टीची ओढ असायची. तास-दोन तास मन एका धाग्याला धरून ठेवायची सवय माणसाला अशी लागे, कुणी मुद्दाम न शिकवता. ती सवय आपल्याकडेही होती: कीर्तन, भजन, गणपतीतली व्याख्यानं, रात्र-रात्र चालणारी नाटकं. आपण ती फार झटक्यात सोडली.

तमिळनाडूत फोनविना बसण्याची एक जागा कायद्यानं राखली गेली आहे. तिरुचेंदूरच्या सुब्रह्मण्यस्वामी मंदिराबाबतच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं 2 डिसेंबर 2022 रोजी राज्यातल्या मंदिरांमध्ये मोबाइलला बंदी करण्याचा आदेश दिला. फोन जमा करण्याची सोय बाहेर करावी, असंही त्यात आलं. मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात तर 2018 पासूनच फोन आत नेता येत नाही. हा नियम मला मनापासून पटतो. सर्वांचेच फोन बाहेर असले की आपला हात खिशाकडे गेला तरी काही बिघडत नाही, आणि थोड्या वेळानं तो जायचा थांबतो.

पण मंदिर ही झाली खास जागा. घराचं काय? त्याचं उत्तर सांगली जिल्ह्यात मिळतं.

कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. करोनाच्या काळात शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हातात फोन आले. शाळा पुन्हा उघडल्या, फोन मात्र हातातून सुटेनात. मुलं अभ्यासात मागे पडली, आणि घरातली मोठी माणसं संध्याकाळी मालिकांसमोर बसलेली, त्यामुळे मुलांना बोलायला तोंड उरलं नाही. सरपंच विजय मोहिते यांनी एक तोडगा सुचवला: रोज संध्याकाळी सात वाजता गावच्या मंदिरावरून भोंगा वाजवायचा, आणि साडेआठपर्यंत गावातल्या सगळ्या घरांत टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे.

सुरुवातीला पुरुषमंडळींनी ही कल्पना हसण्यावारी नेली. मग 14 ऑगस्ट 2022 रोजी गावातल्या बायकांची सभा बोलावली गेली. मालिकांची सर्वांत जास्त ओढ बायकांनाच, त्यांचीच वेळ जाणार होती, आणि तरीही मुलांसाठी त्यांनीच होकार दिला. त्यानंतर भोंगा सुरू झाला. पहिल्या दिवसांत ग्रामपंचायतीचे लोक, अंगणवाडीच्या ताई आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून सांगत, सातला वेळ झाली, बंद करा. नंतर फिरायची गरज कमी होत गेली. त्या दीड तासात मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, लिहितात किंवा नुसती बोलत बसतात.

या प्रयोगात सक्ती फारशी नाही, पण आडून बसायला जागाही नाही. भोंगा सगळ्यांच्या कानावर पडतो. शेजारच्या घरातून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू येत नसेल तर आपल्या घरातून ते लावायला माणूस कचरतो. मुलाला 'तू फोन ठेव' म्हणणाऱ्या बापाच्या हातात स्वतःचा फोन नसतो, म्हणून मूल ऐकतं.

याच महाराष्ट्रात दुसरा रस्ताही धरला गेला. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं नोव्हेंबर 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला की 18 वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. हेतूबद्दल शंका नाही. पण फक्त मुलांवर घातलेली बंदी मला अर्धवट वाटते. मुलं मोठ्यांकडे बघून शिकतात, आणि मोठ्यांचा अंगठा रात्री अकरालाही काचेवर फिरत असतो. वडगावचा रस्ता त्यामुळे जास्त न्यायाचा आहे.

तो पसरूही लागला. सीमाभागात, बेळगावजवळच्या हलगा गावानं डिसेंबर 2024 पासून संध्याकाळी सात ते नऊ असे दोन तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. स्फूर्ती सांगली जिल्ह्यातल्याच अग्रण धुळगावची. हलग्यातही भोंगाच आहे.

एकट्याचा निश्चय का टिकत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण त्यात आपल्या स्वभावापेक्षा मांडणीचा दोष मोठा आहे. पूर्वी वर्तमानपत्राला शेवटचं पान असे आणि आकाशवाणीची सभा संपत असे. 2006 मध्ये एझा रास्किन या अमेरिकी रचनाकारानं असं पान तयार केलं की बोट खाली नेत राहावं आणि मजकूर कधी संपूच नये. पुढे त्यानंच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. दुसरी युक्ती त्याहून जुनी. मानसशास्त्रज्ञ स्किनरनं कबुतरांवरच्या प्रयोगात पाहिलं होतं की दर वेळी दाणा मिळाला तर कबुतर भूक असेपर्यंतच टोचा मारतं, पण कधी मिळेल कधी नाही असं केलं की ते थांबतच नाही. कुणी आपला फोटो आवडल्याचं कळवलं असेल का, या कुतूहलानं दर पाच मिनिटांनी उघडला जाणारा फोन याच तत्त्वावर चालतो. त्यात आपल्या देशात सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की पैशाचा लगामही सुटला. ग्रामीण शिक्षणाचं सर्वेक्षण करणाऱ्या 'असर'च्या 2024 च्या अहवालात 14 ते 16 वयोगटातल्या 82 टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी सुमारे 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, आणि सुमारे 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

समाज म्हणून आवरण्याची गरज आता जगालाही पटू लागली आहे. ऑस्ट्रेलियानं 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई केली. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2014 पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारं 'शट' हे केंद्र चालतं. पण उपचाराची वेळ येण्याआधीचं काम गावानं, सोसायटीनं आणि घरानंच करायचं आहे.

त्यात एक अडचण आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. फोन ठेवला, आता करायचं काय? स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठांच्या अर्थशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये अमेरिकेत एक मोठा प्रयोग केला. काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितलं. त्यांना दिवसाकाठी सरासरी तासभर मोकळा मिळाला आणि मनही थोडं बरं झालं. प्रयोग संपल्यावरसुद्धा त्यांनी फेसबुक आधीपेक्षा कमी वापरलं. पण मोकळ्या झालेल्या वेळातला काही भाग घरच्यांसोबत गेला आणि काही एकट्यानं टीव्ही बघण्यात गेला! रिकामा तास ही रिकामी जमीन असते, काही पेरलं नाही तर तण उगवतंच. म्हणून वडगावच्या दीड तासात अभ्यास आणि वाचन आहे, तंजावरच्या संध्याकाळीत कीर्तन होतं, आणि साताऱ्यातल्या भिलारमध्ये 2017 पासून घराघरांत पुस्तकं मांडून ठेवली आहेत, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं.

फोन पूर्णपणे टाकून द्या, असं मी कुणालाच म्हणणार नाही, आणि तंजावरच्या मराठी माणसांना तर मुळीच नाही. त्यांची घरं आज तंजावर, कुंभकोणम, चेन्नई, बेंगळुरू आणि परदेशात विखुरलेली आहेत. शाळेत तमिळ, नोकरीत इंग्रजी, आणि साडेतीनशे वर्षं जपलेली त्यांची मराठी फक्त घरात बोलायची. आजीचे शब्द, सणाच्या पाककृती, घराण्याच्या आठवणी आता फोनवरूनच एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. अशा माणसासाठी फोनवरचा निरोप म्हणजे भाषेचा श्वास आहे. तेव्हा कमी करायचं ते काय, हे प्रत्येक घरानं नीट निवडावं. आत्याचा निरोप ठेवा, अनोळखी माणसाचं भांडण सोडा. आणि निरोप वाचायलाही वेळ ठरवा.

दिवाळीत घरं माणसांनी भरतात, म्हणून ही गोष्ट सुरू करायला याहून चांगले दिवस नाहीत. एकट्यानं निश्चय करू नका. फराळाला जमलेल्या मंडळींसमोर, चाळीत, वाड्यात किंवा सोसायटीच्या सभेत हा विषय मांडा. सात ते साडेआठ ही वेळ सोयीची नसेल तर दुसरी ठरवा, पण सगळ्यांची एकच ठरवा आणि ती मोठ्यांपासून सुरू करा. त्या वेळात काय करायचं तेही आधीच पक्कं करा. एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, एवढंही पुरे. कुणाला मोठं काम हवं असेल तर मोडी शिका. तंजावरच्या मराठी दरबाराच्या मोडी कागदांची बाडंच्या बाडं आहेत, आणि ते वाचू शकणारे फार थोडे उरले आहेत.

वडगावच्या बायकांनी एका सभेत ठरवलं आणि भोंगा वाजू लागला. तुमच्या इमारतीची सभा कधी आहे, ते आज विचारा.