विश्लेषण : रुबिक क्यूबचे ७८ ‘फॉर्म्युले’ तोंडपाठ, तरी वेळ कमी का होत नाही?

बुडापेस्टमध्ये ५ जून १९८२ रोजी झालेली रुबिक क्यूबची पहिली जागतिक स्पर्धा अमेरिकेच्या मिन्ह थाय या विद्यार्थ्याने २२.९५ सेकंदांत क्यूब सोडवून जिंकली होती. आज पुण्या-मुंबईतल्या स्पर्धांत शाळकरी मुले त्याच्या निम्म्या वेळात क्यूब टेबलावर ठेवून मोकळी होतात. विक्रमांची गोष्ट आणखी पुढची. अमेरिकेच्या मॅक्स पार्कने जून २०२३ मध्ये ३.१३ सेकंदांचा, तर चीनच्या अवघ्या सात वर्षांच्या श्वानयी गेंगने एप्रिल २०२५ मध्ये ३.०५ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवला.

अनेक घरांत मात्र चित्र वेगळे असते. मुलाने व्हिडीओ पाहून क्यूब शिकलेला असतो, फॉर्म्युल्यांचा कागद भिंतीवर चिकटवलेला असतो, सगळे पाठही असतात आणि घड्याळ ३५ सेकंदांवर अडून बसलेले असते. आणखी फॉर्म्युले शिकावेत की असलेलेच घोटावेत, हा प्रश्न इथे उभा राहतो.

फॉर्म्युला म्हणजे नेमके काय?

मुले ज्याला फॉर्म्युला म्हणतात त्याला क्यूबच्या जगात ‘अल्गोरिदम’ म्हणतात. ठरावीक क्रमाने केलेल्या वळणांची ही साखळी. ती लिहिण्याची पद्धत ब्रिटिश गणितज्ञ डेव्हिड सिंगमास्टर यांनी रूढ केली. उजवी बाजू घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवली की ‘आर’, वरची फिरवली की ‘यू’, समोरची फिरवली की ‘एफ’. उलट दिशेने फिरवायचे तर पुढे ‘प्राइम’ लागतो.

याची गरज का पडते? क्यूबच्या मांडण्या सुमारे ४३ वर १८ शून्ये इतक्या. शिवाय एक बाजू फिरवली की आधी नीट लागलेलेही विस्कटते. अल्गोरिदमची खुबी अशी की तो बरेच काही विस्कटतो आणि हवे तेवढे तुकडे सोडून बाकी सगळे पुन्हा जागेवर आणतो. सोडवलेला क्यूब हातात घेऊन ‘आर, यू, आर प्राइम, यू प्राइम’ ही चार वळणे करून पाहा. हलणाऱ्या २० तुकड्यांपैकी फक्त सात जागेवरून सरकतात, १३ आपापल्या जागी राहतात. हीच चार वळणे एकूण सहा वेळा केली की क्यूब पुन्हा जसाच्या तसा.

ही चौकडी पुढे जागोजागी भेटते. वरच्या थरातले दोन कोपरे आणि दोन कडा यांची अदलाबदल करणारा ‘टी-पर्म’ १४ वळणांचा आहे आणि त्याची सुरुवात याच चार वळणांनी होते. तबला शिकणारा विद्यार्थी लांबलचक कायदा एकेक अक्षर करून पाठ करीत नाही. ओळखीच्या बोलांचे तुकडे जोडतो. क्यूबचेही तसेच. १४ वळणे १४ अक्षरे म्हणून पाठ करणारा मूल आठवड्यात विसरते, तीन-चार तुकडे म्हणून शिकणारे सहसा विसरत नाही.

७८ हा आकडा आला कुठून?

कोणतीही मांडणी जास्तीत जास्त २० वळणांत सुटते, हे टोमास रोकिकी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये गुगलच्या संगणकांच्या मदतीने सिद्ध केले. पण ती २० वळणे शोधणे संगणकाचे काम. माणूस टप्प्याटप्प्याने जातो आणि साधारण ५५ ते ६० वळणे घेतो.

सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत ‘सीएफओपी’. मूळच्या झेक आणि आता अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या जेसिका फ्रिडरिक यांच्यामुळे ती जगभर पसरली, म्हणून तिला फ्रिडरिक पद्धतही म्हणतात. आधी तळाला ‘क्रॉस’. मग ‘एफटूएल’, म्हणजे कोपरा आणि कड यांच्या चार जोड्या बसवून खालचे दोन थर पूर्ण करणे. त्यानंतर ‘ओएलएल’मध्ये वरची संपूर्ण बाजू एका रंगाची करायची आणि शेवटी ‘पीएलएल’मध्ये वरच्या थरातले तुकडे आपापल्या जागी न्यायचे. ओएलएलच्या ५७ आणि पीएलएलच्या २१ शक्यता, बेरीज ७८.

मात्र ७८ पाठ झाल्याशिवाय वेग येत नाही, हा समज चुकीचा आहे. ओएलएल आणि पीएलएल हे दोन टप्पे प्रत्येकी दोन भागांत तोडले तर साधारण १६ अल्गोरिदमवर काम भागते. वळणे थोडी वाढतात, पण ३० सेकंदांच्या आत येण्यासाठी ते पुरेसे आहे. त्यानंतर आधी पीएलएलचे २१ पूर्ण करावेत आणि ओएलएलचे ५७ सावकाश, हा अनुभवी क्यूबर देतात तो क्रम शहाणपणाचा आहे. फ्रान्सच्या जिल रू यांची ‘रू’ पद्धत तर आणखी कमी पाठांतरावर चालते. तिच्यात विचाराचा भाग मोठा.

मग ३५ सेकंदांवर घोडे कुठे अडते?

साधा हिशेब करू. क्यूब सोडवायला ५८ वळणे लागली आणि सेकंदाला तीन वळणे होत असली, तर हात चालण्याचा वेळ २० सेकंदांच्या आत येतो. सेकंदाला तीन वळणे हा वेग काही महिने क्यूब फिरवणाऱ्या कुणालाही जमतो. घड्याळात ३५ सेकंद दिसत असतील तर उरलेले १५ सेकंद हात थांबलेले आहेत. त्या १५ सेकंदांत मूल क्यूबकडे नुसते बघत असते.

हे थांबे प्रामुख्याने दोन ठिकाणी येतात. पहिला एफटूएलमध्ये. एक जोडी बसली की पुढची कुठे आहे ते शोधण्यासाठी क्यूब उलटसुलट केला जातो. निम्म्याच्या आसपास वळणे या टप्प्यात असतात, तरी फॉर्म्युल्यांच्या कागदावर त्याला फारशी जागा नसते, कारण तो पाठ करण्यापेक्षा समजून करण्याचा भाग आहे. दुसरा थांबा ओळखण्याचा. अल्गोरिदम येतो, पण समोरची मांडणी त्याचीच आहे हे दिसायला दोन सेकंद जातात. कागदावरच्या चित्रात ती एकाच कोनातून दाखवलेली असते. हातातल्या क्यूबवर ती चारपैकी कोणत्याही कोनात समोर येऊ शकते.

यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो : हळू फिरवा. हात पहिली जोडी बसवत असताना डोळ्यांनी दुसरी शोधायची, याला ‘लुक अहेड’ म्हणतात. हात जिवाच्या आकांताने पळत असतील तर डोळ्यांना ही सवड मिळत नाही. मोबाइलवर मेट्रोनोमचे अॅप लावावे, ठोक्याला एक वळण, आणि नियम एकच : थांबायचे नाही. ठोका चुकायला लागला तर लय आणखी कमी करायची. विलंबित लयीत स्वच्छ वाजल्याशिवाय गुरुजी दुगुन वाजवू देत नाहीत, त्यामागचे कारणही हेच.

घोटायचे तरी कसे?

एकच अल्गोरिदम सलग ५० वेळा फिरवणे ही सगळ्यांची आवडती पद्धत. सुरुवातीचे दोन-तीन दिवस ती ठीकच. हात बसवण्यासाठी ती लागतेच. पुढे मात्र ती फसवते. शे आणि मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला होता. एकच हालचाल सलग घोटणारा गट सरावात पुढे दिसला. हालचाली मिसळून घोटणारा गट सरावात मागे होता, पण नंतरच्या चाचणीत त्याच्याच लक्षात जास्त राहिले. तो प्रयोग क्यूबवरचा नव्हता, पण इथे तो चपखल लागू पडतो. स्पर्धेत पुढची मांडणी कोणती हे कुणी सांगत नाही. म्हणून पाच-सहा अल्गोरिदम शिकून झाले की ते मिसळून, अचानक समोर आल्यासारखे करावेत. मांडणी न सांगता समोर टाकणारी सरावाची अॅप मोफत मिळतात. दिवसाला एक-दोन नवे पुरेत. काल, परवा आणि आठवड्यापूर्वी शिकलेले मात्र रोज एकदा हातातून जायला हवेत.

आणखी एक गोष्ट पालकांना चकित करते. भरधाव अल्गोरिदम करणाऱ्या मुलाला मध्येच थांबवून ‘पुढचे वळण कोणते?’ असे विचारले तर त्याला सांगता येत नाही. यात काळजीचे काही नाही. सायकल चालवण्यासारखी ही हाताची स्मृती आहे. फक्त ती मध्येच तुटली तर पुढचा धागा सापडत नाही, म्हणून प्रत्येक अल्गोरिदम अधूनमधून डोळे उघडे ठेवून, तुकडे कुठून कुठे जातात ते पाहत, संथपणे करावा.

बोटांचे तंत्रही पाठांतराइतकेच महत्त्वाचे. वरची बाजू अख्खा हात उचलून न फिरवता तर्जनीच्या झटक्याने फिरवायची. त्यामुळे कमी वळणांचा अल्गोरिदम नेहमीच जलद असतो असे नाही. मध्येच क्यूबची पकड बदलावी लागणारी नऊ वळणे, सलग बोटांत बसणाऱ्या १२ वळणांपेक्षा हळू पडू शकतात. इंटरनेटवर एकाच मांडणीसाठी चार पर्याय दिसतात ते यामुळेच.

क्लास लावावा का? महागडा क्यूब घ्यावा का?

चुंबक बसवलेला, सहज फिरणारा क्यूब हजार रुपयांच्या आत मिळतो आणि खेळण्यांच्या दुकानातल्या कडक क्यूबच्या तुलनेत त्याने खरोखर फरक पडतो. त्यापुढचा खर्च हौसेचा. क्लासबद्दल मात्र सावध राहिलेले बरे. क्यूबने गणिताचे गुण वाढतात, असे सांगून प्रवेश देणाऱ्यांकडे पुरावा मागावा. पाठ केलेला अल्गोरिदम फिरवताना मूल गणित करीत नसते. चांगला शिकवणारा मुलाचा व्हिडीओ काढून हात कुठे थांबला ते दाखवतो. ते काम घरातला मोबाइलही करतो.

सगळे बरोबर करूनही शेवटी एकच कोपरा उलटा राहिला, तर मुलाला रागावू नये. योग्य वळणांनी ती स्थिती येऊच शकत नाही. क्यूब पडून कोपरा पिळला गेलेला असतो किंवा कुणीतरी तो उघडून चुकीचा जोडलेला असतो. सुटे तुकडे कसेही जोडले तर क्यूब सुटण्याची शक्यता १२ पैकी एक.

स्पर्धेत काय होते?

‘वर्ल्ड क्यूब असोसिएशन’ ही संघटना २००४ मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांनुसारच्या स्पर्धा महाराष्ट्रातही भरतात आणि वयाची अट नसते. संगणकाने ठरवलेल्या क्रमाने क्यूब विस्कटला जातो. स्पर्धकाला तो निरखायला १५ सेकंद मिळतात. कोणताही क्रॉस आठ वळणांच्या आत लागतो, त्यामुळे सराव झालेले स्पर्धक या वेळात अख्खा क्रॉस आणि जमल्यास पहिली जोडीही मनात मांडून ठेवतात.

प्रयत्न पाच. त्यांतला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट वगळून उरलेल्या तिघांची सरासरी धरली जाते. ७२ पैकी एका वेळेस पीएलएल आपोआप सुटलेला मिळतो, २१६ पैकी एका वेळेस ओएलएल. अशा नशिबाने मिळालेली एखादी भन्नाट वेळ सरासरीतून बहुधा गळतेच. शेवटचा थर ४५ अंशांहून जास्त तिरका ठेवून हात काढला तर दोन सेकंदांचा दंड. क्यूब सुटलाच नाही तर ‘डीएनएफ’. एक डीएनएफ सर्वांत वाईट प्रयत्न म्हणून वगळला जातो, दुसरा आला की सरासरीच लागत नाही. त्यामुळे पहिलाच प्रयत्न फसलेला स्पर्धक उरलेले चार थोडे जपून सोडवताना दिसतो.