आषाढातलं रोप जगवताना

दसऱ्याला दारावर घरच्या झेंडूचं तोरण हवं असेल, तर बी गुरुपौर्णिमेच्या आसपास मातीत पडायला हवं. रोप लावणीजोगं व्हायला तीन ते चार आठवडे लागतात आणि लावणीनंतर फुलं यायला साधारण आठ. मध्ये अधिक मास आला नाही, तर गुरुपौर्णिमा ते दसरा हे अंतर ८४ दिवसांच्या घरात जातं. नागपंचमी ते लक्ष्मीपूजनही तेवढंच. म्हणजे दिवाळीच्या फुलांची पेरणी नागपंचमीच्या सुमारास. त्या दिवशी आपल्याकडे जमीन खणत नाहीत, तेव्हा ती आदल्या दिवशी उरकावी.

पंचांग जुळतं, पण रत्नागिरीचं आभाळ जुळत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा जुलैचा असतो. उघड्या वाफ्यात टाकलेलं बी एका सरीत वाहून जातं. राहिलेलं कुजतं, उगवलेलं आडवं होतं. मग ‘आपल्याकडे झेंडू होत नाही’ असं ठरवून कळ्या धरलेली रोपं विकत आणली जातात. पण झेंडू आपल्याकडे उत्तम होतो. पहिले चार आठवडे तेवढे निभावले पाहिजेत. या काळात रोप उपाशी मरत नाही, कारण सुरुवातीची शिदोरी बियातच असते. तहानेनं मरतं तेही क्वचित. बहुतेक रोपं जातात ती पाण्याच्या अतिरेकानं.

रोप आडवं का होतं?

संध्याकाळी टवटवीत दिसलेली रोपं सकाळी झोपलेली असतात. एखादं हलक्या हातानं उचलून पाहावं. पानं हिरवीगार असतात, शेंडा शाबूत असतो. फक्त मातीला टेकलेल्या जागी खोड पाणचट, तपकिरी आणि दोऱ्याइतकं बारीक झालेलं असतं. हा रोपं कोलमडण्याचा रोग. पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया अशी त्यामागच्या जिवांची नावं. पिथियमचे बीजाणू मातीच्या कणांभोवतीच्या पाण्यात अक्षरशः पोहतात आणि एका रोपाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून दाट पेरलेल्या ट्रेमध्ये आधी एक टिकली पडते आणि दोन दिवसांत तिची वाटी होते.

एकदा कोलमडलेलं रोप उठत नाही. त्याच्या भोवतालच्या मातीसकट ते काढून लांब टाकायचं, पाणी तोडायचं आणि वारा खेळता करायचा. खरा उपाय मात्र पेरणीच्या आधीचा आहे.

भाजावळीचं शहाणपण

पेरणीआधी माती तापवण्याचा हा उपाय कोकणातल्या शेतकऱ्याला नवा नाही. भाताचा तरवा काढण्यासाठी तो उन्हाळ्यात दाढ भाजतो. शेण, कवळ, गवत आणि पातेरा यांचे थर रचायचे, वरून माती पसरायची आणि आच धुमसत ठेवायची. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीवरचा अभ्यास १९१२ मध्ये प्रसिद्ध केला होता. मातीचा वरचा थर तापला, की तणाचं बी मरतं आणि रोगाचं बळही घटतं. राखेतून पोटॅश मिळतं ते वेगळंच.

परसातल्या फुलझाडांसाठी झाडाच्या फांद्या तोडून जाळायची गरज नाही. तेच काम मे महिन्याचं ऊन करतं. इस्रायलमधले संशोधक याकोव्ह काटान यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं, की ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरलं तर सूर्याच्या उष्णतेनं रोगकारक जीव मोठ्या प्रमाणात मरतात. चार ते सहा आठवडे ही माती तशीच तापू द्यावी. काळं प्लास्टिक वापरू नये, कारण ते स्वतः तापतं आणि माती त्यामानानं कमी तापते. पावसाआधी ही माती डब्यात भरून, झाकून ठेवली की आषाढात हाताशी येते.

माती, बी आणि पाणी

आपली जांभ्याची लाल माती नुसती वापरली तर ट्रेमध्ये थापून बसते. एक भाग चाळलेली माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग काथ्याचा भुसा हे मिश्रण चांगलं. भुसा घरच्या सोडणांचा असेल, तर गोड्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन पिळून घ्यावा. त्यात क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत. याच कारणासाठी भाट्ये किंवा मांडवीच्या किनाऱ्यावरची वाळू कुंडीत कधीही घालू नये. भुसा मिळाला नाही तर भाजलेलं भाताचं तूस त्याची जागा घेतं.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरायचं. झेंडू आणि झिनिया यांच्यावर मातीचा पातळ थर पुरतो. पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्याला उजेड लागतो. ते फक्त ओल्या मातीवर भुरभुरावं, झाकू नये. गोकर्ण आणि गणेशवेल यांच्या बियांची टरफलं टणक, म्हणून त्या रात्रभर पाण्यात भिजवाव्यात. पेरण्याआधी झेंडूच्या बियांना चिमूटभर ट्रायकोडर्मा चोळावी. ही उपकारक बुरशी रोगाच्या बुरशीला जागाच ठेवत नाही.

ट्रे पडवीत किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या आडोशाखाली, जमिनीपासून वर ठेवावा. वरून झारीनं पाणी घालण्याऐवजी ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवून माती खालून भिजू द्यावी आणि मग निथळू द्यावी. पाणी सकाळी द्यायचं, तेही मातीचा वरचा पापुद्रा सुकल्यावरच. आषाढात हवा इतकी दमट असते, की दोन-दोन दिवस पाण्याची गरज पडत नाही.

दुसरी अडचण उजेडाची. ढगाळ दिवसांत पडवीतली रोपं एका बाजूला वाकून लांबुडकी होतात आणि अशा खोडाला रोग लवकर धरतो. दाराजवळची, भरपूर उजेडाची पण पागोळ्या न लागणारी जागा शोधावी आणि ट्रे रोज फिरवावा. दाट उगवलेली रोपं निर्दयपणे विरळ करावीत. उपटण्यापेक्षा कात्रीनं कापावीत, म्हणजे शेजारच्या मुळांना धक्का लागत नाही. रात्री गोगलगाई येतात. त्या विजेरीच्या उजेडात वेचाव्यात, कारण पावसात राखेचं कडं टिकत नाही.

पहिली दोन पानं बियातली. त्यानंतर येणारी कातरलेली पानं झेंडूची खरी. ती चार-सहा झाली, की आठवडाभर रोपांना हळूहळू बाहेरच्या वाऱ्याची सवय करावी आणि संध्याकाळी लावणी करावी. रोप उचलताना पानाला धरावं, खोडाला नाही. पान दुखावलं तर नवं येतं, खोड चेपलं तर रोप गेलं. जागा उंच गादीवाफ्याचीच हवी.

पुढच्या वर्षाचं बी

संकरित झेंडूचं बी धरलं तर पुढची फुलं तशीच निघतील याचा भरवसा नसतो. गावठी झेंडूचं मात्र जरूर धरावं. पूर्ण वाळलेल्या फुलातून काळ्या, सडपातळ बिया निवडायच्या आणि सावलीत सुकवायच्या. बियाण्यातला ओलावा एक टक्क्यानं घटला की त्याचं आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं, असा अमेरिकी बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांचा नियम आहे. कोकणातल्या पावसाळी हवेत उघड्या पुडीतलं बी भराभर जोम गमावतं ते यामुळेच. कोरडी राख घातलेली, घट्ट झाकणाची काचेची बाटली हे त्याचं खरं घर.

ज्यांनी कधीच काही पेरलं नाही, त्यांनी तेरड्यापासून सुरुवात करावी. सड्यावर तो मृगाच्या पावसाबरोबर आपसूक उगवतो आणि भाद्रपदात आपल्याकडे गौर म्हणून घरात येतो. परसात पाणी न साचणाऱ्या कडेला मृगात बी टाकलं, तरी तो निभावतो. तो जमला की झेंडू, झेंडू जमला की पाऊस सरल्यावर ॲस्टर आणि पिटुनिया. दरवर्षी एक फूल शिकलं, तरी पाच-सहा वर्षांत सणाची फुलं विकत आणावी लागणार नाहीत आणि शेजाऱ्याला द्यायला बीही उरेल.