हे पान कोणाचे?

(प्रस्तुत पाठात लेखकाने राजकीय पक्षांची संकेतस्थळे आणि बातम्यांची संकेतस्थळे यांची मांडणी व भाषा यांतील फरक सोप्या उदाहरणांनी समजावून सांगितला आहे.)



आमच्या शाळेत सकाळच्या परिपाठात रोज एक विद्यार्थी बातम्या वाचून दाखवतो. एके दिवशी नववीतील एका मुलाने संगणकावरून छापून आणलेला कागद माझ्यासमोर धरला. मी घाईत होतो. कागदावर मोठा मथळा होता, छायाचित्र होते, तारीख होती. मी वरवर नजर टाकली आणि म्हणालो, "ठीक आहे, वाच."

मुलाने खड्या आवाजात वाचले, "तालुक्यातील प्रत्येक शाळेत संगणक-कक्ष तयार!" सर्वांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पाचवीच्या रांगेतून एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "सर, आपला संगणक-कक्ष कोणत्या खोलीत आहे?"

सगळे हसले. मी मात्र गप्प झालो. आमच्या शाळेत त्या वेळी एकच जुना संगणक होता आणि तोही कार्यालयात! नंतर मी तो कागद नीट पाहिला. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एका राजकीय पक्षाच्या प्रचार विभागाचे नाव होते. म्हणजे ती बातमी नव्हतीच, तो प्रचार होता. चूक त्या मुलाची नव्हती. मी शिक्षक असून कागद तपासला नाही, ही चूक माझी होती.

त्या दिवसापासून मी स्वतःला एक सवय लावून घेतली. कोणतेही पान वाचण्यापूर्वी मी विचारतो, 'हे पान कोणाचे?' आज ही सवय मला तुम्हांलाही लावायची आहे.

इंटरनेटवरील पानांच्या संचाला मराठीत संकेतस्थळ म्हणतात. बोलताना आपण त्याला वेबसाइट म्हणतो. संकेतस्थळ ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. पहिली खूण मांडणी, म्हणजे पानावर कोणती वस्तू कोठे आणि केवढी ठेवली आहे. दुसरी खूण सूर. उर्दूत ज्याला आपण लहजा म्हणतो, तोच हा सूर.

प्रथम मांडणी पाहू. पक्षाचे किंवा उमेदवाराचे संकेतस्थळ उघडा. समोर नेत्याचा मोठा, हसरा चेहरा दिसतो. पक्षाचा रंग, चिन्ह आणि घोषवाक्य दिसते. त्याखाली ठळक बटणे असतात : 'सभासद व्हा', 'देणगी द्या', 'कामाला लागा'. हे पान तुमच्याकडून काहीतरी करवून घेण्यासाठी बांधलेले असते.

आता बातम्यांचे संकेतस्थळ उघडा. तेथे एकच चेहरा नसतो. अनेक मथळे असतात. देश, विदेश, खेळ, व्यापार असे विभाग असतात. बातमीवर तारीख, वेळ आणि बहुधा बातमीदाराचे नाव असते. संपादकांची मते वेगळ्या विभागात असतात. चांगले संकेतस्थळ आपली चूक झाली तर दुरुस्तीही छापते. हे पान तुम्हांला माहिती देण्यासाठी बांधलेले असते.

हा फरक फार जुना नाही. अमेरिकेच्या १९९६ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रमुख उमेदवारांनी प्रथमच संकेतस्थळांचा मोठा वापर केला. बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध बॉब डोल उभे होते. डोल यांच्या संकेतस्थळावर लोकांना स्वतःचे प्रचारपत्रक तयार करता येत असे. ६ ऑक्टोबर १९९६ रोजी दूरदर्शनवर दोघांची वादसभा झाली. शेवटच्या भाषणात डोल यांनी आपल्या संकेतस्थळाचा पत्ता सांगितला. पण त्यातील एक टिंब सांगायचे ते विसरले! पत्त्यात टिंब चुकले की घर चुकते. तरीही एवढे लोक त्या पानाकडे धावले, की त्यावर मोठा ताण पडला. निवडणूक मात्र क्लिंटन जिंकले. पान पाहायला गर्दी झाली म्हणजे मते मिळाली असे नाही, हेही त्यातून दिसले.

प्रचाराचे पान किती विचारपूर्वक बांधतात, याचे एक उदाहरण ऐका. डिसेंबर २००७ मध्ये बराक ओबामा यांच्या प्रचारकांनी एक प्रयोग केला. संकेतस्थळाच्या पहिल्या पानासाठी त्यांनी ४ प्रकारची बटणे घेतली. ३ छायाचित्रे आणि ३ चलचित्रे घेतली. यांच्या जोड्या लावून २४ प्रकारची पाने तयार झाली. ३,१०,३८२ लोकांना यांपैकी कोणते ना कोणते पान दाखवण्यात आले. कोणत्या पानावर जास्त लोक आपला पत्ता नोंदवतात, हे मोजले गेले.

प्रचारकांना वाटत होते, की चलचित्र जिंकेल. घडले उलटेच. ओबामांचे आपल्या कुटुंबासह असलेले छायाचित्र आणि 'अधिक जाणून घ्या' असे बटण, ही जोडी पहिली आली. जुन्या पानावर शंभरांतील ८.२६ लोक नाव नोंदवत असत. नव्या पानावर ११.६ लोक नोंदवू लागले.

येथे थोडे थांबा. बटणावर लिहिले होते 'अधिक जाणून घ्या'. पण पानाचा हेतू होता नाव नोंदवून घेणे. यात फसवणूक होती असे मी म्हणत नाही. ते पान ओबामांचे आहे हे कोणालाही दिसत होते. परंतु चेहरा, रंग आणि शब्द हे सहज म्हणून ठेवलेले नसतात, मोजूनमापून ठेवलेले असतात, एवढे लक्षात घ्या.

आता बातम्यांच्या पानाचे उदाहरण पाहा. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथे जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला. जगभरातील लोक एकाच वेळी बातम्यांच्या संकेतस्थळांवर धावले. पाने उघडेनात. तेव्हा सीएनएन या वृत्तसंस्थेने आपले पहिले पान अगदी साधे केले. इतर मजकूर आणि सजावट काढून टाकली. उरले केवळ नाव, एखादे चित्र आणि मुख्य बातमी. संकटाच्या वेळी बातमीचे पान सजावट सोडू शकते, पण बातमी सोडू शकत नाही.

मांडणी झाली. आता सूर पाहू. समजा, एका गावात नळयोजना सुरू झाली. पक्षाचे पान लिहील, 'आमच्या नेत्यांनी गावाची तहान भागवली!' विरोधी पक्षाचे पान लिहील, 'नळ आले, पाणी कुठे आहे?' बातमीचे पान लिहील, 'नळयोजनेचे उद्घाटन. तीन वाड्यांना अद्याप पाणी नाही.'

तिन्ही वाक्ये पुन्हा वाचा. पहिल्या वाक्यात 'आमच्या' हा शब्द आहे आणि शेवटी उद्गारचिन्ह आहे. दुसऱ्यात प्रश्न आहे, पण तो उत्तर मिळवण्यासाठी नाही, टोमणा मारण्यासाठी आहे. तिसऱ्यात स्तुती नाही आणि टोमणाही नाही. त्यात तपासून पाहता येईल अशी गोष्ट आहे. तीन वाड्यांत जाऊन नळ उघडा, खरेखोटे कळेल.

क्रियापदांकडेही लक्ष द्या. मंत्री 'म्हणाले', मंत्र्यांनी 'दावा केला', मंत्र्यांनी 'कबूल केले', मंत्र्यांनी 'ठणकावले'. बोलणे एकच, पण क्रियापद बदलले की अर्थाचा रंग बदलतो. 'म्हणाले' हा शब्द साधा आहे. 'दावा केला' म्हटले की शंका येते. 'कबूल केले' म्हटले की अपराध केल्यासारखे वाटते. 'ठणकावले' म्हटले की बोलणारा शूर वाटतो. उर्दूतही 'कहा', 'दावा किया' आणि 'एतराफ़ किया' यांत असाच फरक आहे. दोन भाषा शिकणाऱ्या तुम्हां मुलांना हा फरक इतरांपेक्षा लवकर कळायला हवा.

याचा अर्थ बातम्यांचे प्रत्येक पान धुतल्या तांदळासारखे असते असे मात्र समजू नका. कोणती बातमी वर ठेवायची, कोणती खाली, कोणाचे हसरे छायाचित्र घ्यायचे आणि कोणाचे रागावलेले, हे माणसेच ठरवतात. वाचक वाढावेत म्हणून भडक मथळे देणारी बातम्यांची पानेही आहेत. म्हणून एकच बातमी दोन ठिकाणी वाचा. तुम्ही तर एक बातमी उर्दूत आणि एक मराठीत वाचू शकता. ही तुमची मोठीच मिळकत आहे.

मग मत बाळगणे वाईट आहे का? मुळीच नाही. आपल्या देशातील वृत्तपत्रांचा इतिहास पाहा. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असे. वाचक कोण आहेत, हे त्या मांडणीवरूनच कळत होते. १८८१ साली 'केसरी' निघाला. १९१२ साली मौलाना अबुल कलाम आझादांनी कोलकात्याहून 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक काढले. त्या काळी उर्दू वृत्तपत्रे बहुधा कातिबाच्या हस्ताक्षरात शिळाछापावर निघत. 'अल-हिलाल' मात्र टाइपात आणि चित्रांसह छापले जाई. त्याचा सूर तेजस्वी होता. इंग्रज सरकारला तो सोसवला नाही आणि १९१४ साली ते बंद पडले. या पत्रांना मत होते, पण ते उघड होते. नावासकट, छातीठोकपणे सांगितलेले होते. मत असणे हा दोष नाही. मताला बातमीचा वेष चढवणे हा दोष आहे.

असा वेष इंटरनेटवर सहज चढवता येतो. १९९९ साली अमेरिकेत जॉर्ज बुश यांच्या नावाशी मिळताजुळता पत्ता घेऊन एकाने संकेतस्थळ काढले. दिसायला ते बुश यांच्या पानासारखे होते. आत मात्र त्यांची थट्टा होती. बुश यांच्या बाजूने निवडणूक आयोगाकडे तक्रारही झाली. मोठ्या माणसांचीही नक्कल होते, तर इतरांची काय कथा! आपल्या देशातही या माध्यमाची दखल घ्यावी लागली. २०१३ साली भारताच्या निवडणूक आयोगाने सूचना काढली, की इंटरनेटवरील राजकीय जाहिरातींनाही आधी प्रमाणपत्र घ्यावे लागेल.

आयोग त्याचे काम करील. आपले काम आपण करायचे. कोणतेही पान उघडले की आधी वरचा पत्ता वाचा. मग तळाची बारीक अक्षरे वाचा. लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख शोधा. पान तुम्हांला सांगते आहे की तुमच्याकडून काही मागते आहे, ते पाहा. शेवटी मजकुरातील एक तरी गोष्ट स्वतः तपासून पाहा.

पाचवीतील त्या मुलीला मांडणी, सूर हे शब्द ठाऊक नव्हते. इंटरनेटही तिने फारसे पाहिले नव्हते. तिने फक्त वाचलेली गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरच्या शाळेशी ताडून पाहिली. काही वर्षांनी तुम्ही अठरा वर्षांचे व्हाल. तुमच्या हातात मत येईल. ते देण्याआधी तुम्ही अनेक पाने वाचाल. त्या वेळी त्या मुलीसारखा हात वर करा आणि विचारा, "मग ती खोली कुठे आहे?"

शब्दार्थ

परिपाठ – शाळा भरताना होणारा रोजचा कार्यक्रम
मथळा – बातमीचे शीर्षक
वादसभा – दोन पक्षांनी समोरासमोर मते मांडण्याची सभा
टोमणा – मनाला लागेल असे तिरकस बोलणे
धुतल्या तांदळासारखा – अगदी निर्दोष
शिळाछाप – दगडावर लिहून छापण्याची पद्धत
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने आपली कोणती चूक कबूल केली आहे?
(आ) बॉब डोल पत्ता सांगताना काय विसरले?
(इ) 'अल-हिलाल' कोणी व कोठून काढले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पक्षाचे पान आणि बातमीचे पान यांच्या मांडणीतील फरक सांगा.
(आ) 'मत असणे हा दोष नाही' असे लेखक का म्हणतो?

३. पुढील वाक्यातील क्रियापद बदलून तीन वाक्ये लिहा आणि अर्थ कसा बदलतो ते सांगा.
'मुख्याध्यापक म्हणाले, की सहल पुढच्या महिन्यात निघेल.'

४. उपक्रम : एकच बातमी एका उर्दू आणि एका मराठी वृत्तपत्रातून कापून वहीत शेजारी शेजारी चिकटवा. दोन्हींचे मथळे, छायाचित्रे आणि क्रियापदे यांची तुलना करा.