बांध पेटवण्याआधी बांध बघा



परळी भागात उन्हाळ्यात पुष्कळ ठिकाणी बांध पेटवून देतात. रान स्वच्छ झाले असे वाटते. पण त्या जाळात तणाबरोबर आपले बिनपगारी गडीही जळतात. ते कोण, हे एकदा स्वतः पाहून घ्या.

पावसाळ्यात चार हात सुतळी घ्या, बांधावर तिचा चौकोन मांडा आणि सकाळी पाव तास तिथे बसा. गवताच्या बुडाशी कोळी, मुंग्या, भुंगेरे, ओल्या मातीत गोम, गांडूळ. दिसेल ते मोजा.

जवळच्या रुईचा शेंडाही बघा. त्यावरचा पिवळा मावा कपाशीवर येत नाही. मात्र त्यावर तांबूस पाठीचे, काळ्या नक्षीचे ढालकिडे पोसले जातात. त्यांची एक अळी वाढ पूर्ण होईपर्यंत शेकड्यांनी मावा फस्त करते. हेच ढालकिडे पुढे कपाशी, ज्वारीवरच्या माव्यावर जातात. न नांगरलेल्या मातीत रानमाश्या बिळे करतात. मधमाश्या आणि या रानमाश्या फिरकल्या नाहीत, तर सूर्यफुलाचे दाणे पोचट राहतात. बाभळीवरचा कोतवाल उडते किडे टिपतो.

बांधावर सगळेच मित्र नसतात, हेही ध्यानात ठेवा. म्हणून एवढे करा :

१) पहिल्या मोठ्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे रात्री लिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. झाड तोडू नका. फांद्या हलवून भुंगेरे गोळा करा व रॉकेलमिश्रित पाण्यात टाका.

२) गाजरगवतावर कपाशीचा पिठ्या ढेकूण आसरा घेतो. फुलोऱ्याआधी ते मुळासकट उपटा; हाताला फडके बांधा. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ साली आपल्या देशात सोडण्यात आला. तो दिसला तर तिथले गवत त्याच्यावर सोपवा, फवारू नका.

३) बांधावर तणनाशक मारू नका. पिकावर फवारताना वारा बांधाकडे वाहत असेल तर थांबा.

४) गवत फार वाढले तर विळ्याने कापून जनावरांना घाला. एका वेळी अर्धाच बांध कापा. उरलेल्या अर्ध्यावर ही वस्ती तगते.

यातून एक फवारणी जरी वाचली, तरी औषधाचे पैसे आणि मजुरी पदरात राहील. तुमच्या चौकोनात काय काय सापडले, ते आम्हांला पत्राने जरूर कळवा.