मोटार गेली, सामानाचें काय?

पावसाळ्यांत सुटीच्या दिवशीं खडकवासल्याच्या धरणाकांठीं पुणेकरांच्या मोटारींची रांग लागते. मंडळी पाण्याकडे पाहात उभी असतात आणि मोटारींत मागें राहतात दागिने, कचेरीचा संगणक, कॅमेरा, घराच्या किल्ल्या. अशा वेळीं मोटारच चोरीस गेली तर? ‘विमा उतरलेला आहे’ एवढ्यावर पुष्कळ जण निर्धास्त असतात. ही समजूत अर्धीच खरी आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीचा केलेला विमा तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता आहे. तेवढाच विमा घेणाऱ्यास चोरीबद्दल एक पैही मिळत नाहीं. स्वतःच्या गाडीच्या हानीचा विमा घेतला असेल तरच भरपाई मिळते, आणि तीही करारांत लिहिलेल्या मूल्याच्या मर्यादेंत. कारखानदाराच्या विक्रीच्या किंमतींतून झीज वजा करून हें मूल्य ठरतें. प्रचलित कोष्टकाप्रमाणें ही झीज दुसऱ्या वर्षीं २० टक्के, तर पांचव्या वर्षीं ५० टक्के धरतात.

परंतु हा विमा गाडीचा आहे, आंतल्या वस्तूंचा नव्हे. मागाहून बसविलेलीं उपकरणेंसुद्धां निराळीं नोंदवावीं लागतात; मग आसनावरच्या पिशवीची काय कथा! कारण सरळ आहे. कंपनी हप्ता ठरविते ती गाडीची जात, वय व किंमत पाहून. पिशवींत आज डबा असेल, उद्यां मोत्यांची कुडी. त्याचा हिशेब त्या हप्त्यांत धरलेला नसतो.

सामानास संरक्षण हवें असल्यास दोन मार्ग आहेत. मोटारीच्या विम्यास वैयक्तिक सामानाची जोड घेतां येते. मात्र तींत रकमेस मर्यादा असते, आणि रोकड व दागिने बहुधा वगळलेले असतात. दुसरा मार्ग घरगुती विम्याचा. पण तो साधारणतः घराच्या चार भिंतींपुरता असतो. दागिने वा कॅमेरा बाहेरही सुरक्षित राहावा, तर त्यांची नोंद करून सर्वत्र लागू होणारा विमा घ्यावा लागतो. गाडी कुलूपबंद असावी, अशी अटही त्यांत पुष्कळदा असते.

चोरी होतांच पोलिसांत फिर्याद द्यावी व गेलेली प्रत्येक वस्तु तींत नमूद करावी. मागाहून आठवलेल्या वस्तूबद्दल शंका घेतली जाते. कंपनीसही लागलीच कळवावें. फिर्याद वेळेवर दिली असेल, तर केवळ कंपनीस उशिरा कळविल्याच्या कारणावरून मागणी फेटाळतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें आहे. तरी त्यावर विसंबूं नये. घराच्या किल्ल्या आणि पत्त्याचे कागद गाडीबरोबर गेले असतील, तर त्याच दिवशीं घराचें कुलूप बदलावें.

सहलीस निघण्यापूर्वीं विम्याचा कागद एकदां वाचावा, आणि ज्याचा त्यांत उल्लेख नाहीं अशी मोलाची वस्तु मोटारींत ठेवूं नये.